आधी दर्शन, मग वाणी

माझे लग्न गोव्यात, माहेरच्या अंगणात घातलेल्या मांडवात, वैशाखातील भर दुपारी लागले. सप्तपदी आटोपली, आणि भटजींनी उत्तरेकडे बोट करून अरुंधतीचे दर्शन घ्यावयास सांगितले. मी वर पाहिले. वर मांडवाचे कापड होते आणि त्याच्या शिवणीतून झिरपणारे टळटळीत ऊन होते. "दिसता न्ही गो?" भटजींनी आमच्या कोंकणीत मायेने विचारले. मी मान खाली घालून उत्तर दिले, "दिसता."

त्या वेळी त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. माझ्या आईने तिच्या लग्नात हेच उत्तर दिले होते, आजीनेही बहुधा हेच दिले असावे. विवाहाच्या गोड गडबडीतला तो एक उपचार होता आणि तो पार पडला. परंतु गेली काही वर्षे या पांढुर्णा-सौंसरच्या परिसरात मुलांना शिकवीत असताना ते एका शब्दाचे उत्तर मला पुन्हा पुन्हा आठवते. ते का आठवते, हे आज या वार्षिकाच्या पानांतून विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मोकळेपणाने मांडावे असे वाटते.

गेल्या वर्षी जून महिन्यात शाळा नुकतीच सुरू झाली होती. आकाशाविषयीचा एक धडा शिकवून झाल्यावर मी नववीच्या वर्गाला गृहपाठ दिला : आज रात्री अंगणात किंवा गच्चीवर जाऊन सप्तर्षींतील वसिष्ठाचा तारा शोधा, त्याच्या लगतची अरुंधती दिसते का ते पाहा, आणि वहीत एक ओळ लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. सदतीस मुलांपैकी छत्तीस जणांनी लिहिले होते, "अरुंधती दिसली." कोणी 'सुंदर दिसली' असे लिहिले होते, कोणी 'चमचम करीत होती' अशी भरही घातली होती. मी समाधानाने एकेक वही तपासून खाली सही करीत होते. सदतिसावी वही एका अबोल मुलीची होती. तिच्यात लिहिले होते, "दिसली नाही."

वर्गात हशा पिकला. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, बहुधा त्याचा त्यालाच राहवले नाही म्हणून, बोलून गेला, "बाई, काल रात्री तर पाऊस पडत होता!"

खरेच पडत होता. संध्याकाळपासून आभाळ भरून आले होते आणि रात्रभर सरींवर सरी येत होत्या. मीही घरात दारे लावून बसले होते. आदल्या रात्री मुलांना काहीच दिसणे शक्य नव्हते, हे छत्तीस वह्यांवर सह्या करीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नाही! मुलांनी न पाहता लिहिले आणि बाईंनी न पाहता सही केली. दोष वाटायचाच झाला तर त्यातला मोठा वाटा माझ्या पदरी येतो.

विद्यार्थी मित्रहो, मी त्या दिवशी कोणालाही शिक्षा केली नाही. शिक्षा कोणत्या तोंडाने करणार? मांडवाच्या कापडात भरदुपारी अरुंधती पाहणारी मीच ना! परंतु त्या अबोल मुलीला मी मधल्या सुटीत जवळ बोलावले आणि विचारले, "पाऊस होता म्हणून तू 'दिसली नाही' असे लिहिलेस का?" ती म्हणाली, "नाही बाई. पाऊस नसताना मी उन्हाळ्यातही पाहिले होते. मला सप्तर्षीच धड दिसत नाहीत. सगळे पुसट पुसट दिसते." मग थोडे थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "फळ्यावरचेही तसेच दिसते."

मला धक्का बसला. ही मुलगी दोन वर्षे माझ्या वर्गात होती. फळ्यावर लिहून झाले की मी रोज वर्गाकडे वळून विचारीत असे, "दिसते ना सर्वांना?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणत असे, "दिसते!" त्या सुरात तिचाही सूर मिसळलेला असे. तिच्या वडिलांना निरोप धाडला. त्यांनी तिला नागपूरला नेऊन डोळे तपासून घेतले, आणि आठवड्याभरात ती चष्मा लावून वर्गात आली. दोन वर्षे माझ्या प्रश्नाने जे उघड केले नाही, ते तिच्या दोन शब्दांच्या 'दिसली नाही'ने एका दिवसात उघड केले.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. "दिसते ना?" हा प्रश्नच नव्हे, त्याचे उत्तर त्याच्या पोटात आधीच घालून ठेवलेले असते. भटजींचा "दिसता न्ही गो?" हाही तसलाच. अशा प्रश्नाला 'नाही' म्हणण्यास लहान मुलाच्या अंगी फार मोठे धैर्य लागते. म्हणून आता मी विचारते, "काय दिसते, ते सांगा."

येथे एखादा जाणता पालक म्हणेल की शास्त्रानेच याला संमती दिली आहे. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे जे प्राचीन ग्रंथ आहेत, त्यांना गृह्यसूत्रे म्हणतात. त्यांपैकी पारस्कराच्या गृह्यसूत्रात वधूला ध्रुव दाखवावा असे सांगून पुढे म्हटले आहे की, तिला तो दिसला नाही तरी तिने 'पाहते' असेच म्हणावे. म्हणजे माझ्या त्या उत्तराला दोन हजार वर्षांहून जुना आधार आहे! परंतु आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात निराळे सांगितले आहे. तेथे विवाहाच्या रात्री वधूने मौन पाळावयाचे आहे. ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी यांना पाहावे आणि मगच मौन सोडावे, असा तो नियम आहे. आधी दर्शन, मग वाणी.

या दोन ग्रंथकारांत कोण श्रेष्ठ, हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. पारस्कराच्या सवलतीत मला दयाही दिसते. आकाशात ढग असेल, वधूची नजर अधू असेल, तेवढ्यासाठी त्या घाबऱ्याघुबऱ्या मुलीचे लग्न कशाला अडवावे? संस्कारात ती सवलत खुशाल असो. पण शाळेत ती चालणार नाही. शाळेत आश्वलायनाचाच नियम हवा. कारण संस्काराचा हेतू मन जोडण्याचा असतो, तर शाळेचा हेतू डोळे उघडण्याचा असतो; आणि न पाहता 'पाहिले' म्हणणाऱ्याचे डोळे, समोर आकाश असूनही, मिटलेलेच राहतात.

आता ज्या ताऱ्यावरून हे सारे रामायण घडले, तो तारा प्रत्यक्ष पाहू या. सप्तर्षींची आकृती बहुतेकांना ठाऊक असते : चार ताऱ्यांचा खाटेसारखा चौकोन आणि त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. चौकोनाच्या पुढच्या कडेचे क्रतु आणि पुलह हे दोन तारे ध्रुवाची दिशा दाखवितात. शेपटीत चौकोनाकडून क्रमाने अंगिरा, वसिष्ठ आणि मरीचि हे तारे येतात. यांतला मधला तो वसिष्ठ. त्याच्या अगदी लगत, बारीक टिंबासारखी जी चांदणी दिसते ती अरुंधती. दोघांमधले अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या एकतृतीयांशाहून थोडे अधिक भरते.

मोठ्यावरून बारक्याकडे नेण्याच्या या रीतीला आपल्याकडे 'अरुंधतीदर्शनन्याय' असे नावच आहे. अरुंधती दाखविणारा आधी जवळच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून 'ही पाहा अरुंधती' म्हणतो. नजर तेथे स्थिरावली म्हणजे तो तारा सोडावयास लावून खऱ्या अरुंधतीकडे नेतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात हा दृष्टांत वापरला आहे. स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेण्याची ही युक्ती प्रत्येक शिक्षकाने मनात कोरून ठेवावी अशी आहे. मात्र त्या न्यायाचा शेवटचा भाग विसरून चालत नाही. ठळक ताऱ्यापाशीच थांबलेला शिष्य अरुंधती पाहिल्याच्या भ्रमात घरी जातो.

नुसत्या डोळ्यांनी या ताऱ्याविषयी काय काय कळते? पहिली गोष्ट तिचे तेज. ताऱ्यांचे तेज प्रतीने मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि एकेका प्रतीमागे तेज सुमारे अडीच पटींनी कमी होते. काळोख्या, स्वच्छ रात्री निरोगी डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. वसिष्ठ सुमारे दुसऱ्या प्रतीचा आहे, अरुंधती चौथ्या. म्हणजे वसिष्ठ तिच्याहून जवळजवळ सहापट तेजस्वी दिसतो. दुसरी गोष्ट तिचा रंग. तो पांढरा आहे. तिसरी गोष्ट मात्र पाहण्यास धीर लागतो. आकाश फिरत असता या दोघांत पुढे कोण असतो आणि मागे कोण?

हे ताडून पाहण्यास दुर्बीण नको. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नवाच्या सुमारास सप्तर्षींची शेपटी उत्तरेस उंच आलेली असते. एखाद्या उंच इमारतीची उभी कड आपल्या बरोबर उत्तरेस येईल अशा जागी बसा, डोके खांबाला टेकवून स्थिर ठेवा, आणि वसिष्ठ त्या कडेआड गेला की सेकंद मोजावयास लागा. अरुंधती त्याच कडेआड सुमारे ७८ सेकंदांनी जाईल. एकाचा आकडा साठ येईल, दुसऱ्याचा नव्वद येईल; सर्वांच्या आकड्यांची सरासरी काढा. अरुंधती वसिष्ठाच्या मागून सव्वा मिनिटाने चालते, हे पुस्तकात वाचून पाठ करणे आणि भिंतीला टेकून स्वतः मोजणे, यांत केवढे अंतर आहे हे त्या रात्री तुम्हांस कळेल.

डोळ्यांची शीव संपते तेथून उपकरणे पुढे नेतात. पण रीत तीच, आधी दर्शन. १६१७ साली गॅलिलिओने वसिष्ठावर दुर्बीण रोखली, तेव्हा तो एक तारा नसून दोन तारे आहेत असे त्याला आढळले आणि त्याने ते टिपून ठेवले. १८५७ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत या ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यात आली. १८८९ साली त्याच वेधशाळेच्या पिकरिंगने वसिष्ठाच्या ठळक घटकाचा प्रकाश लोलकातून फाकवून तपासला. वर्णपटातील काळ्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होतात आणि पुन्हा एक होतात, असे दिसले. त्यावरून तो घटकही एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा बनलेला आहे असे सिद्ध झाले. ज्याला आपण हजारो वर्षे एकटा वसिष्ठ समजत होतो, त्याच्या घरात एवढी माणसे निघाली!

आणि अरुंधती? तिचीही हकीकत अशीच थक्क करणारी आहे. हाताचा अंगठा समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला तर अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांपुढे असेच किंचित सरकलेले दिसतात. त्या सरकण्यावरून त्यांचे अंतर काढता येते. अरुंधती आपल्यापासून सुमारे ८२ प्रकाशवर्षे दूर आहे. आज रात्री तिचा जो किरण तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तिच्यापासून निघाला तेव्हा देश स्वतंत्र झालेला नव्हता, आणि हे पांढुर्णा-सौंसर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होते. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी निघालेला प्रकाश तुमच्या दारी आत्ता पोहोचतो आहे.

अंतर कळले म्हणजे खरे तेज कळते. अरुंधती सूर्याच्या सुमारे चौदा पट प्रकाश टाकते. तिच्या पृष्ठभागाचे तापमान आठ हजार अंशांच्या आसपास आहे. सूर्याचे साडेपाच हजार. ती स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरते की, तिचा मध्यभाग दर सेकंदास दोनशे किलोमीटरांहून अधिक गतीने धावतो. सूर्याची हीच गती अवघी दोन किलोमीटर आहे. आपला सूर्य उचलून अरुंधतीच्या जागी ठेवला, तर तो सातव्या प्रतीच्या जवळपास जाईल आणि आपल्या डोळ्यांना मुळीच दिसणार नाही. ज्या चांदणीला आपण 'बारीक' म्हणतो, तिच्या अंगणात आपला तेजोनिधी सहस्ररश्मी अदृश्य होतो! मंद दिसणे आणि मंद असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अरुंधतीइतके स्पष्टपणे दुसरे कोण शिकवील?

ज्योतिर्विद ताऱ्यांची जी वर्गवारी करतात, तीत अरुंधती आणि सूर्य हे दोघेही 'मुख्य क्रमा'तील तारे आहेत. ज्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते आणि त्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर जो स्थिरपणे तळपत असतो, तो मुख्य क्रमातील तारा. या क्रमात वजनदार तारे अधिक उष्ण व अधिक तेजस्वी असतात, आणि आपले इंधन भराभर संपवितात. हलके तारे थंड व मंद असतात, आणि अतिशय दीर्घकाळ टिकतात. मोठी वात लावलेली समई लौकर विझते, बारीक वातीची रात्रभर पुरते, तसेच हे. २००९ साली अमेरिकेतील दोन निरनिराळ्या संशोधक गटांना अरुंधतीच्या अगदी जवळ एक तांबडा खुजा तारा आढळला. त्याचे वजन सूर्याच्या सुमारे पाव आहे, आणि तोही मुख्य क्रमातलाच आहे. तो इतका मंद आहे की, मानवजातीने अरुंधतीकडे पाहण्यास आरंभ केल्यापासून २००९ पर्यंत तो कोणालाच दिसला नव्हता. पण अरुंधती आणि सूर्य विझून गेल्यावरही तो कितीतरी काळ तेवत राहील.

पूर्वजांनी अरुंधतीला वसिष्ठाची पत्नी मानले आणि नववधूपुढे तिचा आदर्श ठेवला. त्या भावनेचा मी अनादर करीत नाही. सप्तर्षींपैकी दोन टोकांचे क्रतु आणि मरीचि हे तारे सोडले, तर उरलेले पाच आणि अरुंधती एकाच दिशेने एकत्र प्रवास करीत आहेत. त्यांचा जन्म एकाच कुळात झाला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा सहप्रवासाची ती कल्पना अगदीच निराधार नाही. मला एवढेच सुचवावयाचे आहे की, आपल्या मुलींना अरुंधती दाखविताना ती वसिष्ठाच्या सोबतीने चालणारी आहे हे जसे सांगाल, तसेच ती स्वतः एक सूर्य आहे, आपल्या सूर्याहून प्रखर असा सूर्य आहे, हेही सांगा. हे दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही पाहून कळलेले आहे.

"बाई, हे परीक्षेत येणार आहे का?" असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. नाही, येणार नाही. पण ज्याला 'पाहिले' आणि 'ऐकले' यांतला भेद कळला, तो प्रयोगशाळेत खोटा आकडा लिहीत नाही, पुढे तलाठी झाला तर शेतात न जाता पंचनामा करीत नाही, वैद्य झाला तर रोग्याला न तपासता औषध देत नाही, आणि हातातल्या दूरध्वनीवर आलेली प्रत्येक बातमी खरी मानून दहा जणांना धाडीत नाही. छत्तीस वह्यांतले ते 'दिसली' निरुपद्रवी होते खरे. परंतु सवय लहान गोष्टीतच लागते, आणि मोठ्या गोष्टीत ती नडते.

"आमच्याकडे दुर्बीण कोठे आहे?" असेही कोणी म्हणेल. कोकणातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. त्यांनी सामान्य मराठी वाचकांना आकाशाची गोडी लागावी म्हणून 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ सिद्ध केला. मराठी शाळेतला शिक्षक आकाशाचा केवढा अभ्यास करू शकतो, याचे ते उदाहरण आपल्या घरचेच आहे. आरंभाला डोळे, वही आणि खरे लिहिण्याची तयारी एवढेच भांडवल पुरते.

मात्र एका भांडवलाची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावयास हवी, ते म्हणजे काळोख. २०२३ साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. त्याबरोबर रस्ते, दुकाने, कचेऱ्या वाढणार, आणि दिवेही वाढणार. दिवे हवेतच; काळोख्या रस्त्याने मुलींनी घरी यावे असे कोणती शिक्षिका म्हणेल? पण दिव्याचा उजेड जमिनीवर पडावा, आकाशात जाऊन त्याचा काय उपयोग? दिव्यावर साधी टोपी बसविली तर रस्ता अधिक उजळतो आणि आकाश काळे राहते. भर बाजारात उभे राहून चौथ्या प्रतीची अरुंधती शोधणे आजच अवघड झाले आहे. तीच सायकलवरून गावाबाहेर संत्र्याच्या बागांपाशी गेले की सहज सापडते. जेथून अरुंधती दिसते तेथवर आपली रात्र शाबूत आहे असे समजावे.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक वर्गाने एक 'अरुंधतीची नोंदवही' ठेवावी. तीत तारीख, वेळ, पाहण्याची जागा, ढग, चंद्र आणि जे दिसले ते, एवढेच लिहावे. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत सायंकाळनंतर, आणि हिवाळ्यात पहाटे, हा तारा पाहता येतो. 'दिसली नाही' या नोंदीला 'दिसली' इतकाच मान द्यावा. किंबहुना ती का दिसली नाही, ढगामुळे, दिव्यामुळे की डोळ्यामुळे, याचा शोध घ्यावा. वर्षानुवर्षे लिहिलेली अशी वही पुढे गावाच्या आकाशाचा इतिहास होईल. पालकांनीही एखाद्या रात्री मुलांबरोबर गच्चीवर यावे, आणि आपल्याला दिसले नाही तर मुलांसमोर तसे म्हणावे. आईवडिलांच्या तोंडचे 'मला दिसत नाही' हे वाक्य मुलांना फार धीर देते.

त्या अबोल मुलीची हकीकत सांगावयाची राहिली. पावसाळाभर सप्तर्षी तिला हुकले, आणि दिवाळीच्या सुमारास ते रात्री उत्तरेच्या क्षितिजाखाली असतात. डिसेंबरात एके दिवशी शाळा भरण्यापूर्वीच ती माझ्यापाशी आली. पहाटे पाच वाजता बागेतली संत्री गाडीत भरण्यास वडिलांबरोबर गेली असता ईशान्येकडे सप्तर्षी वर आलेले तिने पाहिले होते. "बाई, अरुंधती दिसली," ती म्हणाली. मी विचारले, "कशी आहे?" ती क्षणभर विचार करून म्हणाली, "फार बारीक आहे. पहिल्यांदा वसिष्ठच दोनदा दिसतो आहे असे वाटले. मग चष्मा पुसून पाहिले, तर वेगळी होती." चमचम नाही, सुंदर नाही, चष्मा पुसून पाहिले, एवढेच. अरुंधतीविषयी माझ्या वर्गात आलेली ही पहिली खरी नोंद.

त्या रात्री मी माझ्या यजमानांना घेऊन गजर लावून पहाटे उठले आणि घराच्या गच्चीवर गेले. थंडी मी मी म्हणत होती. पूर्वेच्या दिव्यांवर हाताचा आडोसा करून बराच वेळ पाहिल्यावर, लग्नाला बारा वर्षे झाल्यानंतर, मला अरुंधती दिसली. यजमानांनी विचारले, "काय दिसते?" आणि मी त्यांना, जे दिसत होते तेवढेच, सांगितले.